स्नायूतंतूंचे प्रकार कसे ओळखायचे: गोठवण्यापासून मोजणीपर्यंत

स्नायूच्या बायोप्सीचं काम शिकायला आमच्याकडे कुणी नवीन आलं, की पहिला आठवडा मी त्यांना पेशंटच्या तुकड्याला हात लावू देत नाही. सकाळी कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत चिकनच्या दुकानात जायचं, समोर कापून घ्यायची, छातीचा एक आणि तंगडीचा एक असे शेंगदाण्याएवढे दोन तुकडे वेगळे करायचे आणि लॅबमध्ये येऊन ते गोठवायचे. पुण्यात हे काम करत मला २६ वर्षं झाली. चांगला गोठवलेला तुकडा हातात असेल तर बाकीचं सगळं शिकवता येतं. तुकडा खराब असेल तर जगातली कुठलीही पद्धत उपयोगाची नाही.

कोंबडीच निवडते, कारण फरक डोळ्यांना दिसतो. छाती पांढरी, तंगडी लालसर. लाल रंग मायोग्लोबिनचा (ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा) आणि भरपूर रक्तवाहिन्यांचा. लाल स्नायू सावकाश आकुंचन पावतात आणि पांढरे झटकन, हे फ्रान्समध्ये रॅन्व्हिए यांनी १८७० च्या दशकात दाखवलं होतं. माणसाच्या स्नायूत मात्र अशी सरळ वाटणी नसते. एकाच स्नायूत दोन्ही तऱ्हेचे तंतू शेजारी-शेजारी, बुद्धिबळाच्या पटासारखे मिसळलेले असतात. सावकाश तंतूंना टाइप १ म्हणतात, झटकन आकसणाऱ्यांना टाइप २, आणि टाइप २ चे पुढे २ए, २बी असे पोटप्रकार. म्हणून एकेका तंतूला वेगळं विचारावं लागतं.

विचारण्याच्या पद्धती मुख्य तीन. स्नायू आकसवणारं मायोसिन हे प्रथिन एटीपी (पेशीचं इंधन) तोडतं, ते एन्झाइम आम्ल किंवा क्षार सोसून जिवंत राहतं का, हे पाहायचं: ही एटीपेज पद्धत. तंतू ऑक्सिजनवर किती चालतो ते पाहायचं: एनएडीएच किंवा एसडीएच, म्हणजे ऑक्सिजनवर ऊर्जा करणाऱ्या एन्झाइमांचे रंग. आणि तिसरी, मायोसिनचा नेमका कुठला नमुना त्या तंतूत आहे, हे अँटिबॉडीने किंवा जेलवर (विजेच्या दाबाने प्रथिनं वेगळी करणाऱ्या थरावर) थेट पाहायचं. तिन्हींची उत्तरं बहुतेक वेळा जुळतात, नेहमी नाही. म्हणून माझा आग्रह एकच असतो: ‘टाइप २ए’ असं लिहिताना तो कुठल्या पद्धतीने ठरवला, हे त्याच ओळीत लिहा.

तुकडा येताना आणि गोठवताना

फॉर्मालिनमध्ये बुडवलेला तुकडा या कामाला चालत नाही, एन्झाइमं मरतात. ऑपरेशन थिएटरमध्ये आधीच फोन करून सांगायचं. गॉजचा तुकडा सलाइनमध्ये भिजवून घट्ट पिळायचा, ओलसर राहील पण थेंब पडणार नाही इतका. त्यात स्नायू गुंडाळायचा, कोरड्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचा आणि ती डबी बर्फावर ठेवायची. बर्फ थेट स्नायूला लागता कामा नये. ज्या स्नायूत नुकतीच ईएमजीची (स्नायूच्या विद्युत तपासणीची) सुई घातली आहे, तो घेऊ नये; सुईच्या जखमेमुळे जी सूज येते, ती आजाराची वाटते.

काही वर्षांपूर्वी जुलैत एका मुलाची बायोप्सी शहराच्या दुसऱ्या टोकाहून आली होती. पावसामुळे रस्ते तुंबलेले, रिक्षावाला दीड तास अडकलेला. डबी उघडली तर तुकडा सलाइनमध्ये तरंगत होता. पाणी तंतूंच्या मधे शिरलं होतं, गोठवल्यावर त्याचे स्फटिक झाले आणि प्रत्येक तंतूला चाळणीसारखी भोकं पडली. त्यातून काहीच वाचता आलं नाही. त्या मुलाला पुन्हा भूल द्यावी लागली. तेव्हापासून थिएटरच्या सिस्टरांना मी फोनवर ‘पिळून, पिळून’ असं दोनदा म्हणते.

तुकडा आला की लगेच गोठवायची घाई करू नका. नुकता कापलेला स्नायू चिडलेला असतो, गारठा लागताच आकसतो. दहा-पंधरा मिनिटं तसाच ओलसर गॉजवर थंड राहू द्या. मग भिंगाखाली तंतूंची दिशा बघा. नीट पाहिलं तर उसाच्या पेरातल्या धाग्यांसारख्या रेघा दिसतात. त्या रेघा बुचाच्या चकतीवर उभ्या आल्या पाहिजेत, म्हणजे ब्लेडखाली तंतू आडवे कापले जातील. बुडाशी ट्रॅगाकँथची (एका डिंकाची) घट्ट पेस्ट किंवा ओसीटी हा गोठवताना वापरायचा चिकट लगदा फक्त आधारापुरता लावा, पूर्ण तुकडा त्यात पुरू नका. थर जाड झाला की गोठणं मंदावतं.

आता मुख्य गोष्ट. तुकडा थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा नाही. नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो. उबदार तुकडा त्यात पडला की भोवती वायूचं आवरण तयार होतं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेवर नाचतो, तसंच. त्या आवरणामुळे आत गारवा हळू पोहोचतो आणि बर्फाचे स्फटिक वाढायला वेळ मिळतो. म्हणून स्टीलच्या छोट्या भांड्यात आयसोपेन्टेन घ्यायचं आणि ते भांडं नायट्रोजनमध्ये सोडायचं. आयसोपेन्टेन उणे १६० अंशांच्या आसपास गोठतं. भांड्याच्या तळाशी साबुदाण्यासारखे पांढरे मणी जमायला लागले की ते तयार झालं. चिमट्याने बूच धरा, तुकडा आत बुडवा, हलवत राहा. शेंगदाण्याएवढ्या तुकड्याला १५ सेकंद भरपूर होतात. जास्त वेळ ठेवला तर ब्लॉकला, म्हणजे गोठलेल्या तुकड्याला, तडे जातात. बाहेर काढला की आधीच थंड करून ठेवलेल्या डबीत, आणि तिथून उणे ८० च्या फ्रीजरमध्ये. मधे टेबलावर ठेवायचा नाही, क्षणभरही नाही.

पुण्यात राहणाऱ्यांनी इथे एक लक्षात ठेवावं. आयसोपेन्टेन २८ अंशांच्या आसपास उकळतं. एप्रिलमध्ये आपल्याकडे दुपारी खोली त्याहून तापलेली असते, बाटलीचं बूच उघडलं की फसफसून वर येतं आणि त्याची वाफ ठिणगीला पेट घेते. बाटली ज्वलनशील द्रवांसाठी असलेल्या, आत ठिणगी न पडणाऱ्या फ्रीजमध्येच ठेवा, गोठवण्याचं काम सकाळी उरका आणि हूडखालीच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच) करा.

सेक्शनमध्ये (ब्लॉकच्या पातळ कापात) स्फटिकांची भोकं दिसलीच, तर ब्लॉक खोलीच्या तापमानाला पूर्ण वितळू देऊन पुन्हा नीट गोठवून बघता येतं. कधी कधी काम निभावतं. त्यावर विसंबून मात्र राहू नका.

कापताना क्रायोस्टॅट (गोठलेला तुकडा कापायचं थंड यंत्र) उणे २० ते २२ वर, सेक्शन ८ ते १० मायक्रॉनचे. एकामागून एक निघालेले सेक्शन त्याच क्रमाने स्लाइडवर घ्या आणि क्रमांक पेन्सिलने लिहा, कारण पुढे तोच तंतू चार-पाच स्लाइडवर शोधायचा आहे. जाडी मधेच बदलली तर रंगही बदलतो, आणि तो फरक तंतूचा आहे असं वाटतं. पहिली स्लाइड एच-अँड-ई या नेहमीच्या साध्या रंगाला द्या: तंतू आडवे कापले गेलेत का, भोकं नाहीत ना, एवढं पाहून मगच पुढे जा.

एटीपेज

ही पद्धत जुनी, खुशामत मागणारी, आणि मला सगळ्यात आवडणारी. टाइप २ चे ए, बी, सी असे भाग ब्रूक आणि कायझर यांनी १९७० मध्ये याच रंगावरून पाडले.

तत्त्व सोपं आहे. सेक्शन आधी ठरावीक पीएचच्या बफरमध्ये ठेवायचा. त्यात काही तंतूंचं एन्झाइम मरतं, काहींचं टिकतं. मग पीएच ९.४ च्या द्रावणात एटीपी आणि कॅल्शियम द्यायचं. जिथे एन्झाइम जिवंत आहे तिथे एटीपी तुटून फॉस्फेट सुटतं आणि कॅल्शियम ते जागच्या जागी पकडतं. कोबाल्ट क्लोराइड दिलं की कॅल्शियमच्या जागी कोबाल्ट बसतं. शेवटी अमोनियम सल्फाइड दिलं की त्याचं काळं कोबाल्ट सल्फाइड होतं. काळा तंतू म्हणजे एन्झाइम टिकलेला तंतू, एवढंच.

तीन स्लाइड करायच्या. आम्ल ४.३ वर टाइप १ काळेभोर, टाइप २ सगळे फिके. आम्ल ४.६ वर टाइप १ काळे, २ए फिके आणि मधल्या करड्या छटेचे २बी. क्षारीय स्लाइडवर उलटं: टाइप १ फिके, टाइप २ सगळे गडद. ही स्लाइड पुस्तकांत ९.४ म्हणून दिलेली असते. काही लॅब आधीचा बफर १०.४ च्या आसपास ठेवतात. ४.३ आणि ९.४ शेजारी ठेवल्या की फोटो आणि त्याची निगेटिव्ह असावी तशा दिसतात. दोन्हीकडे बऱ्यापैकी गडद राहिलेले थोडे तंतू दिसले तर ते २सी. त्यांत संथ आणि जलद अशी दोन्ही मायोसिनं एकदम असतात.

आमच्याकडचा क्रम असा. स्लाइड हवेत वाळवायची. आम्ल बफरमध्ये ५ मिनिटं, क्षारीयमध्ये १५. धुवायची. एटीपीच्या द्रावणात ३७ अंशांवर ३० ते ४५ मिनिटं. मग १ टक्का कॅल्शियम क्लोराइड, तीनदा बदलून मिळून १० मिनिटं. २ टक्के कोबाल्ट क्लोराइड ३ मिनिटं. यानंतरचं धुणं मनापासून करा; सुटं कोबाल्ट राहिलं तर सगळी स्लाइड काळी होते. मग हूडखाली १ टक्का अमोनियम सल्फाइडमध्ये २०-३० सेकंद. सडक्या अंड्याचा हा वास नुसता घाण नाही, तो वायू विषारी आहे. पुन्हा धुणं, अल्कोहोल, झायलीन, कव्हरस्लिप. गुरुवारी पुण्यात बऱ्याच भागांत अनेकदा पाणी बंद असतं, त्यामुळे बुधवारीच कॅन भरून ठेवा. कोबाल्टच्या पायरीवर नळ कोरडा निघाला तर दिवस गेला.

पद्धत फसते ती जवळजवळ नेहमी ४.६ वर. तिथे ०.०५ चा फरकही पुरतो. जरा आम्ल जास्त झालं की २बी फिके पडून २ए सारखे दिसतात. कमी झालं की २ए काळवंडतात. पीएच मीटर त्याच सकाळी, ४ आणि ७ अशा दोन्ही बफरवर लावून घ्यायचं.

आणि मीटर बरोबर असूनही फसते, याचं कारण मला कळायला तीन वर्षं लागली. पुस्तकात लिहिलेलं असतं ‘खोलीच्या तापमानाला पाच मिनिटं’. ती खोली थंड देशातली असते, २० ते २५ अंशांची. आमच्या लॅबला तेव्हा एसी नव्हता. डिसेंबरात सकाळी आठ वाजता बफर हाताला गार लागायचा, एप्रिलमध्ये दुपारी कोमट. आम्लात एन्झाइम किती भरभर मरतं हे तापमानावर ठरतं, त्यामुळे हिवाळ्यात माझे २ए काळवंडायचे आणि उन्हाळ्यात २बी गायब व्हायचे. मी दरवेळी बफर बदलत बसले. एकदा जुन्या नोंदवह्या शेजारी-शेजारी उघडल्या आणि तारखा पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. आता आम्ही कॉपलिन जार (स्लाइड उभ्या ठेवायचं भांडं) २५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये बसवतो, आणि ४.५, ४.५५, ४.६, ४.६५ अशा चार स्लाइड कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेल्या) स्नायूवर आधी करून, त्या दिवशीचा योग्य पीएच ठरवतो. हे वेळखाऊ आहे. तरी करा.

उंदीर, ससा, कोंबडी यांना माणसाचे हे आकडे लावू नका. प्रत्येक प्राण्याचं मायोसिन आम्ल वेगळं सोसतं, त्यामुळे पीएच नव्याने बसवावा लागतो.

एनएडीएच आणि एसडीएच

हे सोपं. एनएडीएच आणि नायट्रो ब्लू टेट्राझोलियम, पीएच ७.४, ३७ अंशांवर अर्धा तास. टाइप १ गडद जांभळा-निळा, २ए मध्यम, उरलेले फिके. कोंबडीच्या छाती-तंगडीवर सराव करायला हाच रंग उत्तम. शिकायला आलेल्या मुलांना तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. तंतूच्या आतली रचना यात दिसते, मधला भाग रिकामा असलेले ‘कोअर’ही यातच सापडतात.

पण एनएडीएच एकटा पाहून प्रकार ठरवू नका. मज्जातंतू तुटल्यामुळे बारीक, टोकदार झालेला तंतू यात गडद दिसतो, मग तो मुळात टाइप २ असला तरी. शिवाय हा रंग मायटोकाँड्रियापुरता (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांपुरता) राहत नाही, तंतूतल्या नळ्यांच्या जाळ्यालाही लागतो. केवळ मायटोकाँड्रिया पाहायचे असतील तर एसडीएच करा.

१९७२ मध्ये पीटर आणि सहकाऱ्यांनी गिनी पिग आणि सशांच्या स्नायूंवरून संथ-ऑक्सिडेटिव्ह, जलद-ऑक्सिडेटिव्ह-ग्लायकोलिटिक, जलद-ग्लायकोलिटिक अशी नावं दिली (ऑक्सिडेटिव्ह म्हणजे ऑक्सिजनवर चालणारा, ग्लायकोलिटिक म्हणजे ऑक्सिजनशिवाय साखर तोडून चालणारा). ती सोयीची आहेत, पण २ए म्हणजे दुसरा आणि २बी म्हणजे तिसरा असं डोळे मिटून बदलू नका. नियमित पळणाऱ्या माणसाच्या जलद तंतूंतही मायटोकाँड्रिया भरपूर वाढतात. मायोसिन तेच राहून रंग गडद होतो.

अँटिबॉडी

हात बसला नसेल आणि पैसे असतील, तर आज इथूनच सुरुवात करा. मायोसिन हेवी चेनच्या (मायोसिनच्या मोठ्या साखळीच्या) प्रत्येक नमुन्याला वेगळी अँटिबॉडी आहे: टाइप १ ला बीए-डी५, २ए ला एससी-७१, २एक्स (याबद्दल खाली) ला ६एच१. अँटिबॉडींच्या जातींत पहिली आयजीजी२बी, दुसरी आयजीजी१, तिसरी आयजीएम. म्हणून तीन वेगळ्या रंगांच्या सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटणाऱ्या रंगीत अँटिबॉडी) वापरून एकाच सेक्शनवर तिन्ही लावता येतात. चौथा रंग लॅमिनिन या तंतूच्या आवरणातल्या प्रथिनाला द्या, म्हणजे प्रत्येक तंतूची कड उठून दिसते आणि मोजणी सोपी होते. सेक्शन फिक्स (रसायनाने घट्ट) न करता लावा.

माणसाच्या स्नायूत एससी-७१ ही २एक्स तंतूंनाही फिका रंग देते. तो फिका रंग पाहून ‘२ए-२एक्स मिश्र’ असं लिहिण्याची चूक फार होते. ६एच१ शेजारी असल्याशिवाय मिश्र हा शब्द वापरू नका.

नावाचा एक घोळ इथेच सुटतो. उंदरात २ए, २एक्स आणि २बी असे तीन जलद प्रकार खरोखर असतात. माणसात २बी मायोसिनचं जीन, एमवायएच४, आहे, पण हातापायांच्या स्नायूंत त्याचं प्रथिन सापडत नाही. १९९० च्या दशकात हे स्पष्ट झालं: एटीपेजवर ज्यांना आपण २बी म्हणत होतो, त्या तंतूंत २एक्स असतं. त्यामुळे जुन्या रिपोर्टमधला २बी आणि नव्यातला २एक्स हा एकच तंतू आहे. पेशंट दोन्ही कागद घेऊन येतात आणि विचारतात, प्रकार बदलला का? बदललेलं असतं ते नाव.

जेलबद्दल थोडक्यात. मायोसिन हेवी चेन दोनशे किलोडाल्टनहून (रेणूच्या वजनाचं माप) मोठी आणि नमुन्यांतला फरक अगदी थोडा, त्यामुळे ग्लिसरॉल घातलेलं जेल थंडीत जवळपास दिवसभर चालवावं लागतं. टाइप १ ची पट्टी सर्वांत पुढे जाते. पूर्ण तुकड्याचं जेल केलं तर फक्त एकूण प्रमाण कळतं. मिश्र तंतू खात्रीने सिद्ध करायचा असेल, तर एकेक तंतू भिंगाखाली सुटा करून चालवणं हाच मार्ग.

मोजणी

निदान २०० तंतू मोजा, आणि कुठला भाग मोजणार हे रंग पाहण्याआधी ठरवा. कडेचे, चिरडलेले, तिरके तंतू सोडा. सगळ्या स्लाइडवर एकच जागा शोधायला रक्तवाहिनी किंवा मज्जातंतूची फांदी खूण म्हणून धरा. मी फोटोची प्रिंट काढून तंतूंना क्रमांक देते. स्क्रीनवर करणाऱ्यांना फिजी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जाडी मोजताना तंतूचा लहान व्यास घ्या, कारण तिरका कापला गेला तरी तो फारसा बदलत नाही.

संख्या आणि क्षेत्रफळ दोन्ही द्या. समजा १०० तंतू टाइप १, व्यास ६० मायक्रॉन. १०० तंतू टाइप २, व्यास ४०. संख्येने निम्मे-निम्मे. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर जातं, ३६०० ला १६००, म्हणजे ६९ टक्के आणि ३१ टक्के. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत किंवा अंथरुणाला खिळलेल्यांत टाइप २ असेच बारीक होतात, आणि नुसती संख्या दिली तर ते लपून राहतं.

तंतूंचा बुद्धिबळाचा पट विस्कटला आहे का, तेही पाहा. एकाच प्रकारचे तंतू मोठ्या घोळक्याने आले तर मज्जातंतू मरून शेजारच्याने ते तंतू दत्तक घेतले असण्याची शक्यता असते. तंतूचा प्रकार त्याला येणाऱ्या मज्जातंतूवर ठरतो. आकडा नेहमी स्नायूच्या नावासकट द्या. पोटरीच्या सोलिअसमध्ये टाइप १ हे ८० टक्क्यांच्या वर असणं नेहमीचं आहे; तोच आकडा दंडात आला तर थांबून विचार करायला हवा. मांडीच्या व्हास्टस लॅटरॅलिसमध्ये खोल भागात टाइप १ वरच्यापेक्षा जास्त असतात, म्हणून बायोप्सीची सुई किती आत गेली तेही लिहून घ्या.

बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सराव करणाऱ्या मुलांचे पालक अधूनमधून विचारायला येतात: बायोप्सी करून आमचा मुलगा स्प्रिंटर होईल का ते सांगा. मी त्यांना बसवून, चहा देऊन, नाही सांगते. एका स्नायूच्या एका कोपऱ्यातले २०० तंतू एवढं भविष्य सांगत नाहीत. सरावाने २एक्स कमी होऊन २ए वाढतात, विश्रांतीने उलटं होतं. निरोगी मुलाच्या मांडीत त्यासाठी सुई घालणं मला पटत नाही.

रिपोर्टमध्ये आमची ओळ अशी जाते: ‘डावा व्हास्टस लॅटरॅलिस, एटीपेज ४.३, ४.६ व ९.४, २१४ तंतू, टाइप १ इतके, २ए इतके, २एक्स (जुनं नाव २बी) इतके, संख्येने व क्षेत्रफळाने.’ खाली कंट्रोल स्लाइडची तारीख आणि त्या दिवशीचा पीएच. उरलेला ब्लॉक ओसीटीने झाकून, पेन्सिलने नाव लिहून परत उणे ८० मध्ये.